दाराबाहेर कोण आहे? : 'द वॉकिंग डेड'च्या पहिल्या भागाविषयी

वाङ्मय मंडळाच्या बैठकीत "मी यावेळी झॉम्बीवर लिहिते" असं म्हटलं तेव्हा सरांचा चेहरा एकदम खुलला. म्हणाले, "वा! आनंद यादवांवर आजकाल कोण लिहितंय? जरूर लिही." मागच्या बाकावर हशा पिकला. सरांच्या डोळ्यांसमोर होती १९८७ साली आलेली, साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली 'झोंबी'. मला म्हणायचे होते ते इंग्रजी मालिकांतले झॉम्बी, म्हणजे मेल्यावर उठून चालणारे आणि दिसेल त्या माणसाला चावणारे. गैरसमज दूर झाल्यावर सर जरा थांबले आणि म्हणाले, "तेही लिही की. पण कोण कुणाला चावलं एवढंच सांगू नकोस. शहाण्या माणसानं ते का बघावं, ते सांग."

सरांचा तो प्रश्न समोर ठेवूनच लिहिते आहे. 'द वॉकिंग डेड' ही मालिका २०१० ते २०२२ अशी बारा वर्षं चालली. अकरा पर्व, १७७ भाग. एवढ्या सगळ्यावर लिहायची माझी ताकद नाही आणि खरं सांगायचं तर सगळे भाग तेवढे चांगलेही नाहीत. पण पहिला भाग मी चार वेळा पाहिला आहे, आणि त्याचं कारण थोडं घरगुती आहे. ते पुढे येईलच. ज्यांना गोष्ट आधी कळलेली चालत नाही, त्यांनी इथंच थांबून आधी तो भाग बघावा. सव्वा तासापेक्षा कमी वेळ लागेल.

झॉम्बी आला कुठून?

आधी थोडी पार्श्वभूमी. झॉम्बी ही कल्पना मूळची हॉलीवूडची नाही, हैतीतली आहे. तिथं फ्रेंचांचे उसाचे मळे होते आणि आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम त्या मळ्यांत राबत असत. मरण म्हणजे निदान सुटका, अशी त्यांची आशा. मग सगळ्यात मोठी भीती कुठली असणार? मेल्यावरही कुणीतरी आपल्याला उठवून पुन्हा राबायला लावेल, ही. त्या लोककथांतला झॉम्बी कुणाला खात नाही. तो बिचारा मान खाली घालून काम करतो. लोकांना भीती झॉम्बीची नव्हती, आपणच झॉम्बी होऊ याची होती.

१९३२ च्या 'व्हाइट झॉम्बी' या चित्रपटातून ही कल्पना पडद्यावर आली. १९६८ साली जॉर्ज रोमेरो यांच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'ने तिला आजचं रूप दिलं: मेल्यावर उठलेली, माणसं खाणारी झुंड. त्यानंतर बहुतेक कथांत झॉम्बी म्हणजे नेमबाजीसाठी उभं केलेलं लक्ष्य झालं. डोक्यात गोळी घाला आणि पुढे चला. व्हिडिओ गेममध्ये तर त्याचे गुण मिळतात.

'द वॉकिंग डेड' त्याच परंपरेतली मालिका आहे, पण तिच्या पहिल्या भागाने ती जुनी भीती परत आणली असं मला वाटतं. रॉबर्ट कर्कमन यांनी लिहिलेली आणि सुरुवातीला टोनी मूर यांनी चितारलेली ही चित्रकथा २००३ पासून कृष्णधवल अंकांतून येत होती. मालिका करायला घेतली फ्रँक डॅराबाँट यांनी. 'द शॉशँक रिडेम्प्शन' आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल, त्याचेच हे दिग्दर्शक. पहिला भाग त्यांनी स्वतः लिहिला आणि स्वतःच दिग्दर्शित केला. ३१ ऑक्टोबर २०१० रोजी, हॅलोविनच्या रात्री, तो अमेरिकेत एएमसी वाहिनीवर दाखवला गेला आणि सुमारे ५३ लाख लोकांनी त्या रात्री तो पाहिला.

भागाचं नाव 'डेज गॉन बाय'. इंग्रजीत गेलेल्या दिवसांबद्दल बोलताना हे शब्द वापरतात. पण इथं शेवटच्या 'बाय'चं स्पेलिंग निरोप घेतानाच्या 'बाय'चं केलं आहे. म्हणजे 'सरलेले दिवस' आणि 'दिवसांना निरोप' असे दोन्ही अर्थ एका नावात. भागात काय आहे ते या नावात आलंच आहे. हा निरोपाचा भाग आहे. मात्र इथं निरोप घेणं कुणालाच सोपं जात नाही.

गोष्ट थोडक्यात

रिक ग्राइम्स हा जॉर्जिया राज्यातल्या एका लहान गावातला पोलीस अधिकारी. चकमकीत त्याला गोळी लागते आणि तो बेशुद्ध होतो. शुद्धीवर येतो तेव्हा दवाखान्यात कुणी नाही. उशाशी मित्राने ठेवलेली फुलं वाळून गेली आहेत, भिंतीवरचं घड्याळ बंद आहे. बाहेर आवारात पांढऱ्या कापडांत गुंडाळलेल्या प्रेतांच्या रांगा. घरी जातो तर बायको नाही, मुलगा नाही. मॉर्गन नावाचा एक माणूस आणि त्याचा लहान मुलगा ड्वेन शेजारच्या घरात दडून राहिलेले असतात. ते त्याला आसरा देतात आणि जगाला काय झालंय ते समजावतात. मग रिक बायको-मुलाच्या शोधात अटलांटा शहराकडे निघतो. घोड्यावर बसून एकटा शहरात शिरतो आणि मेलेल्यांच्या गर्दीत सापडतो. एका रणगाड्यात लपून बसलेला असताना तिथल्या रेडिओवर कुणाचा तरी आवाज येतो, तिथं भाग संपतो.

दवाखान्यात जाग येण्याची युक्ती नवी नाही. २००२ च्या '२८ डेज लेटर'मध्ये ती आहे, त्याच्याही आधी जॉन विंडम यांच्या १९५१ च्या 'द डे ऑफ द ट्रिफिड्स' या कादंबरीत आहे. इतके दिवस अन्नपाण्याशिवाय रिक जगला कसा, हेही कुणी विचारू नये. आणि दोष सांगायचाच तर सुरुवातीला गाडीत बसून रिक आणि त्याचा मित्र शेन बायकांबद्दल ज्या गप्पा मारतात, त्या ऐकून माझं डोकं फिरलं होतं. संपूर्ण भागात बाईच्या तोंडी फारशी वाक्यं नाहीत. मालिका बंदच करणार होते.

बंद केली नाही, कारण मला जागं राहायचं होतं.

माझी पाळी

आमची आजी गेली तीन वर्षं सगळं विसरत चालली आहे. आधी चष्मा विसरायची, मग जेवल्याचं विसरायला लागली, आता माणसं. मला ती कधी माझ्या आत्याच्या नावानं हाक मारते, कधी "कुणाची गं तू?" म्हणून विचारते. दिवसा बरी असते. रात्री दोन-अडीचला उठते आणि दाराशी जाते. आमचं घर जुनं, दाराला लोखंडी कडी. ती कडी आजी हलवत राहते. "दार उघडा की. दादा न्यायला आलाय, गाडी थांबलीय बाहेर." तिचं माहेर खानापूरकडचं. तिचा दादा जाऊन वीस वर्षं झाली.

एकदा कडी निघाली आणि आजी पावसात कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेली. तेव्हापासून आम्ही पाळ्या लावल्यात. एक रात्र बाबा, एक रात्र आई, शनिवार-रविवार मी. जागं राहायला काहीतरी हवं म्हणून मी फोनवर मालिका बघते.

एक गोष्ट कबूल केल्याशिवाय हा लेख पुढे जाणार नाही. आजी अंधारात केस मोकळे सोडून, पाय ओढत दाराकडे निघाली की माझा चुलतभाऊ म्हणायचा, "निघाली बघ झॉम्बी." मीही हसायचे. एकदा तर तो शब्द मी वॉट्सॲपच्या स्टेटसला टाकला होता, चार हसऱ्या इमोजींसकट. मैत्रिणींनी हसून प्रतिसादही दिले. कुणालाच त्यात काही वाटलं नाही, मलाही नाही.

दाराची मूठ

आता तो प्रसंग. रात्र आहे. मॉर्गनच्या घरात खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या आहेत, मेणबत्तीच्या उजेडात तिघं जेवून बसलेत. बाहेर मेलेले फिरताहेत. ड्वेन खिडकीच्या फटीतून बघतो आणि एकदम रडायला लागतो, उशीत तोंड खुपसून. रस्त्यावर रात्रीच्या झग्यात एक बाई उभी आहे. ती त्याची आई आहे, जेनी. याच घरातल्या दुसऱ्या खोलीत ती तापाने मेली आणि मग उठली. मॉर्गन रिकला सांगतो की तिला संपवायला हवं होतं, पण आपल्या मुलाच्या आईवर हात उचलायचं बळ आपल्यात नव्हतं.

जेनी पायऱ्या चढून दाराशी येते. रिक दाराच्या भोकातून बघतो. आणि मग दाराची मूठ हळूहळू फिरते.

बस्स, एवढंच घडतं. ती दार तोडत नाही, कुणाला चावत नाही. संगीतही जवळजवळ नाही. पण आख्ख्या भागात मला सगळ्यात जास्त भीती याच क्षणी वाटली. का, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. बाकीचे मेलेले ओरबाडतात, आपटतात. मूठ फिरवणं ही जनावराची हालचाल नाही. घरी परत आलेल्या माणसाची आहे. बाजारातून आल्यावर, कामावरून आल्यावर हजार वेळा केलेली. जेनीचं सगळं गेलं, पण हाताला घर आठवतंय. पाहणाऱ्याच्या मनात एकाच वेळी दोन वाक्यं उठतात: 'दार उघडू नका' आणि 'अरे, तिला आत घ्या रे'. भीती आणि कणव अशी एकत्र आली की भीती दुप्पट होते. डॅराबाँट यांनी हे फार साध्या साधनांनी साधलंय. एक मूठ, एक मुलगा, एक उशी.

मी फोन थांबवला. आमच्या दाराकडे बघितलं. कडी लागलेली होती, आजी आत झोपलेली होती. मला माझं ते स्टेटस आठवलं.

जेनी मेलेली आहे. मॉर्गनला ते ठाऊक आहे. तरी तो तिला 'ते' म्हणत नाही, 'ती' म्हणतो. माझी आजी तर जिवंत आहे. ताक प्यायल्यावर ओठ पुसते, देवाच्या फोटोला हात जोडते, पाऊस आला की "कपडे काढा गं" म्हणून ओरडते. आणि मी तिला तो शब्द लावला होता.

दोन बंदुका

या भागाची बांधणी समजून घ्यायची तर सायकलवाल्या बाईकडे बघावं लागतं. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर रिकला गवतात एक सायकल मिळते. शेजारी एक बाई, कमरेखालचं शरीर नसलेली, हातांवर सरपटत त्याच्याकडे येते. हा रंगभूषेचा आणि संगणकाचा मिळून केलेला चमत्कार आहे. अभिनेत्रीच्या पायांचा भाग संगणकावर पुसला आणि वरचं रूप ग्रेग निकोटेरो यांच्या चमूनं घडवलं. २०११ साली या भागाच्या रंगभूषेला एमी पुरस्कार मिळाला. रिक तिला बघून घाबरतो आणि सायकल घेऊन पळतो. कुणीही पळेल.

मात्र नंतर, अंगात बळ आल्यावर आणि पोलिसाचा गणवेश चढवल्यावर, अटलांटाला निघण्याआधी तो तिला शोधत परत जातो. तिचा त्याला काही धोका नाही, ती धड सरकूही शकत नाही. तो तिच्याजवळ गुडघ्यावर बसतो, तुझ्या बाबतीत हे घडलं याचं मला वाईट वाटतं, अशा अर्थाचं काहीतरी बोलतो, आणि मग गोळी झाडतो. त्याचे डोळे भरलेले असतात.

त्याच वेळी दुसरीकडे मॉर्गन वरच्या मजल्याच्या खिडकीत बंदूक घेऊन बसला आहे. शेजारी जेनीचे फोटो. तो खालच्या मेलेल्यांवर गोळ्या झाडतो, आवाजाने जेनी येईल म्हणून. ती येते. दुर्बिणीत तिचा चेहरा दिसतो, ती वर बघते. मॉर्गनचं बोट चापावर, पण गोळी सुटत नाही. पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा नाही. शेवटी नुसता रडतो. लेनी जेम्स या नटाने हे प्रसंग असे केलेत की पुढची वर्षानुवर्षं प्रेक्षक 'मॉर्गन परत कधी येणार' विचारत राहिले.

हे दोन प्रसंग आळीपाळीने दाखवले आहेत. एकाला जमतं, एकाला जमत नाही. अनोळखी बाईसाठी रिकला जमतं, स्वतःच्या बायकोसाठी मॉर्गनला जमत नाही. कोण बरोबर, हे भाग सांगत नाही. दोघंही एकच गोष्ट करताहेत: समोरच्याला माणूस मानताहेत.

याची किंमत पुढे दिसते. तिसऱ्या पर्वातल्या, २०१३ साली आलेल्या 'क्लिअर' या भागात मॉर्गन पुन्हा भेटतो आणि कळतं की एके दिवशी जेनी ड्वेनच्या समोर आली. मुलाच्या हातात बंदूक होती, त्यालाही आईवर ती चालवता आली नाही, आणि तिनेच त्याला चावलं. माया म्हणून जे केलं नाही त्यानेच पोर गेलं. मालिका इथं गोड बोलत नाही, हे मला आवडलं. माया असली की सगळं नीट होतं, असं ती म्हणत नाही. माया नसती तर मात्र उरलेल्यांत आणि मेलेल्यांत फरक काय, एवढंच विचारते.

आता भागाच्या अगदी सुरुवातीकडे जाऊ. पहिल्याच दृश्यात रिक एका ओसाड पेट्रोल पंपावर येतो. गाड्यांमधून एक लहान मुलगी चालताना दिसते, पायांत सशाच्या तोंडाच्या सपाता, वाकून टेडी बेअर उचलते. तो तिला हाक मारतो. ती वळते, आणि कळतं की ती मेलेली आहे. तो तिला गोळी घालतो. मग मालिकेचं नाव येतं. पहिल्यांदा बघताना वाटतं, प्रेक्षकाला हादरवायला केलेला प्रकार. पण नीट पाहिलं तर हा प्रसंग गोष्टीत नंतरचा आहे: गणवेश अंगावर आहे, पोलिसाची गाडी आहे. म्हणजे सायकलवाल्या बाईकडे परत गेलेला माणूसच इथं उभा आहे. दुसऱ्यांदा पाहिल्यावर त्याच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. तो जिंकलेल्या माणसाचा चेहरा नाही.

सायकलवाल्या बाईची गोष्टही निर्मात्यांनी तशीच सोडली नाही. २०११ साली 'टॉर्न अपार्ट' नावाच्या सहा छोट्या भागांत त्यांनी तिची कहाणी दाखवली. तिचं नाव हॅना, ती दोन मुलांची आई होती. पहिल्या भागात जी फक्त एक भयानक आकृती होती, तिला नाव मिळालं, मुलं मिळाली.

अल्बम

शेवटचा एक छोटा प्रसंग. आपली बायको जिवंत आहे असं रिकला वाटतं, कारण घरातले फोटोंचे अल्बम नाहीत. चोराने कशाला नेले असते? हे ऐकून मॉर्गन आधी हसतो, मग त्याचा गळा भरून येतो. जगबुडी आली तेव्हा तो जगायला लागणारं सामान बांधत होता आणि जेनी फोटोंचे अल्बम गोळा करत होती.

हा प्रसंग बघितल्यावर दुसऱ्या दिवशी मी कपाटातून आजीचा जुना अल्बम काढला. मला ती ओळखत नाही. पण एका पिवळ्या पडलेल्या फोटोवर तिनं बोट ठेवलं आणि लगेच म्हणाली, "ह्यो दादा." मग बराच वेळ बोलत होती. त्यातलं निम्मं मला कळलं नाही, पण मी पहिल्यांदाच नीट ऐकलं.

सरांनी विचारलं होतं, शहाण्या माणसानं हे का बघावं. सर, माझं उत्तर एवढंच आहे. या भागात मेलेल्यांचीसुद्धा माफी मागितली जाते, त्यांची मुलं त्यांच्यासाठी रडतात, त्यांना बायको, आई म्हटलं जातं. ते बघून जिवंत माणसांशी आपण कसे बोलतो ते आपोआप आठवतं. मला आठवलं. म्हणून चार वेळा बघितला.

आणि आता रात्री आजी कडी हलवायला लागली की आम्ही तिला मागे ओढत नाही. दार उघडतो. मी म्हणते, "चल आजी, बघू या गाडी आली का." हात धरून फाटकापर्यंत जातो, रस्ता बघतो. गाडी आलेली नसते. आजी म्हणते, "उशीर झालाय वाटतं." मी म्हणते, "हो, उद्या येईल." मग ती शांतपणे परत येते, पाणी पिते आणि झोपते.